मोड्यूलमधल्या पाच खिडक्या

प्रिय फुटपट्टी,

आधी सवयीने 'सूनबाई' लिहिलं होतं, मग खोडलं. वर शाईचा गोळा दिसतोय तो त्याचाच. पत्र तुझ्या ऑफिसवर पाठवतेय, कारण घरचा पत्ता माझ्याकडे नाही. तू दिला नाहीस, मी मागितला नाही. दोघी सारख्याच. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा बसतो, आणि बोलायचं ते राहूनच जातं. तेव्हा वाच. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस.

आधी कामाचं. पडद्याला कापड किती लागेल ते सांगणारं तुझं पर्लचं मोड्यूल, म्हणजे कॉम्प्युटरच्या त्या पर्ल भाषेत लिहिलेला हिशोब, अजून जिवंत आहे. तू माझ्या पोराला सोडलंस, आपलं पडद्यांचं दुकान सोडलंस, पण त्या मोड्यूलवर पत्ता मात्र दुकानाचाच ठेवलास. त्यामुळे कुठल्या कुठल्या लोकांच्या मेल अजून माझ्या काउंटरवर येऊन पडतात. मला त्यातलं किती कळतं ते तुला ठाऊकच आहे. म्हणून समोरचा छपाईवाला दुपारी स्वतःचा चहा घेऊन येतो आणि वाचून दाखवतो. मी उत्तर सांगते, तो लिहितो. हल्ली मला मोतीबाई म्हणतो. तू नवीन नवीन पर्ल पर्ल करायला लागलीस तेव्हा मीच त्याला सांगितलं होतं ना, सुनेने मोत्यांचा धंदा काढलाय म्हणून. मेल्याने ती गोष्ट सगळ्या गल्लीत वाटली आणि अजून त्याचं हसू संपत नाही.

लोकांचे प्रश्न तेच तेच. डोकं उठतं. एक म्हणतो, मीही असंच काहीतरी लिहिलंय, सगळ्यांसाठी ठेवायचं आहे, नाव काय देऊ? मी सांगितलं, स्वतःचं देऊ नकोस, ते जे काम करतं त्याचं दे, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. हे तुझंच वाक्य. मी तेव्हा 'बाईंचा हिशोब' असं ठेव म्हणून हटून बसले होते, आणि तू म्हणालीस, बाई, ते सीपॅन म्हणजे जगभरच्या मोड्यूलांचं केवढं मोठं गोदाम आहे, तिथे तुम्हाला ओळखतंय कोण? दिवसभर बोलले नाही मी तुझ्याशी. मग संध्याकाळी तू कापडाच्या चिंधीवर खडूने ते लांबलचक नाव लिहून दाखवलंस, मध्ये दोन दोन टिंबं. आधी घर, मग पडदा, मग कापड. म्हणालीस, पाकिटावरच्या पत्त्याच्या उलटं, मोठं आधी आणि बारीक शेवटी. ते मला पटलं. पण राग आला होता तो आलाच होता.

दुसरा विचारतो, हे मी माझ्या दुकानात वापरलं तर चालेल का, परवानगी कुठे लिहिली आहे? मला वाटायचं, फुकट ठेवलंय म्हणजे घ्या की, त्यात विचारायचं काय. पण तू तो परवान्याचा कागद आत घालायला विसरली होतीस आणि मग रडकुंडीला आलीस. म्हणालीस, नुसतं दारात ठेवून भागत नाही बाई, 'घ्या' असं लिहावं लागतं, नाहीतर सज्जन माणूस हात लावत नाही आणि लबाड विचारत नाही. ते ऐकून मी एवढी हसले की तोंडातल्या टाचण्या सांडल्या.

आणि ते आकड्यांचं प्रकरण! ते तर अजून दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतंच. तू मोड्यूल एक पॉइंट नऊ नंबर देऊन पाठवलंस, मग सुधारून एक पॉइंट दहा पाठवलंस, आणि नवं कुणाला मिळेच ना. तू डोक्याला हात लावून बसलीस. मी तुझी बाजू घेऊन भांडायला उभी, की नवानंतर दहाच येतात, यांना साधी गिनती येत नाही का? मग छपाईवाल्यानेच माझ्या गळ्यातली टेप ओढली आणि दाखवलं, एक पॉइंट दहा मीटर इथे आणि एक पॉइंट नऊ मीटर पार तिकडे. गोदामाला वाटलं, ही बाई जुना माल पुन्हा पाठवतेय. आणि आपण? रोज कापड मोजणाऱ्या दोघी! शेवटी तू एक पॉइंट एक्याण्णव केलंस. म्हणालीस, एकदा गेलेला आकडा परत घेता येत नाही, त्याच्यापुढचाच द्यावा लागतो.

पण सगळ्यात जास्त मेल येतात त्या एकाच रडगाण्याच्या. माझ्या मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, चालतं, दुसऱ्याच्या मशीनवर चालत नाही, का? त्याचं उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण ते मी तुझ्या तोंडून ऐकलं तेव्हा हातातली कात्री खाली ठेवली होती. तुझ्या मोड्यूलला आणखी एक कसलं तरी मोड्यूल लागत होतं. दुकानाच्या मशीनवर ते आधीपासून होतं, म्हणून ते लागतं हे लिहायचंच राहिलं. बाहेर पाठवलं तेव्हा तपासून बघणाऱ्या अनोळखी लोकांची उत्तरं आली, नापास, नापास, नापास. तू म्हणालीस, बाई, जे घरात पहिल्यापासून असतं ते आपल्याला लागतं हे आपल्या लक्षातच येत नाही. ज्याच्याकडे ते नाही त्याच्याकडे जाऊन बघावं लागतं.

तू गेल्यावर मी लागोपाठ दोन पडदे आखूड कापले. मी! पोरगा म्हणाला, चष्मा बदल. चष्मा बदलला, तिसराही आखूड झाला. मग एक दिवस कापायला उभी असताना कळलं. मी माप घेऊन आकडा मोठ्याने बोलायचे आणि तू मशीनमागून मान वर न करता तोच आकडा परत म्हणायचीस. चुकीचा बोलले असले तर तुझ्या तोंडून आल्यावर मलाच तो कानाला खटकायचा. हे काम मी तुला कधी दिलं नव्हतं, तूही कधी केलं म्हणून सांगितलं नाहीस. आता मी आकडा बोलते आणि पंखा फिरत राहतो. म्हणून हल्ली स्वतःच दोनदा बोलते. गिऱ्हाइकांना वाटतं, बाईला कमी ऐकू येतं.

तुमच्यात काय बिनसलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. पोरगा माझा आहे, त्याच्या खोडी मला माहीत आहेत. तुझ्याही माहीत आहेत. बास.

तर मुद्दा. एक माणूस आहे, नाटकांचे मोठमोठे पडदे शिवतात तिथे काम करतो. आपण त्याला नाटकवाला म्हणू. त्याला तुझं मोड्यूल फार आवडतं. मोठ्या पन्ह्याच्या कापडाला ते चुण्या कमी सांगतं, ती चूक त्याने स्वतः दुरुस्त केलीय. दुरुस्ती तुझ्या नावाने इथे दुकानाच्या पत्त्यावर पाठवली, उत्तर नाही. पुन्हा पाठवली, उत्तर नाही. आता तो म्हणतो, मूळ बाईंना वेळ नसेल तर मी सांभाळतो, माझ्याकडे द्या. गोदाम सांभाळणाऱ्यांनाही त्याने विचारलंय. ते म्हणाले, आधी मालकिणीला नीट विचार, थांब, काहीच आलं नाही तर बघू. त्याची रीत बरोबर आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. बाकी सगळ्यांना मी उत्तरं दिली, पण याला दिलं नाही. छपाईवाला रोज विचारायचा, मोतीबाई, नाटकवाल्याचं काय? मी म्हणायचे, आधी चहा संपव.

मग त्याची आणखी एक मेल आली आणि माझं टाळकंच फिरलं. त्याने विचारलं होतं की मोड्यूलसोबतच्या तपासणीत हे असले विचित्र आकडे का आहेत? एकशे सदतीस काय, अठ्ठ्याहत्तर काय, काढून सरळ शंभर, दोनशे घालू का?

विचित्र! मी छपाईवाल्याला म्हटलं, लिही, हात लावशील तर खबरदार. त्याने लिहिलं नाही. म्हणाला, तुम्हाला हक्क नाही, मालकीण ती आहे. खरंच आहे ते. पण त्या नाटकवाल्याला कोण सांगणार की ते आकडे कुठून आले? तू म्हणाली होतीस, मोड्यूल पाठवायचं तर त्याच्यासोबत तपासणी पाठवावी लागते, अशा खिडक्या सांगा ज्यांचं कापड तुम्हाला झोपेतसुद्धा बरोबर सांगता येईल. मी म्हटलं, दुसऱ्यांच्या कशाला, आपल्याच घे. आणि तू स्टुलावर चढलीस, टेप माझ्या गळ्यात म्हणून शाळेतली ती लाकडी फुटपट्टी घेऊन. तेव्हापासून तुझं हे नाव. स्वयंपाकघराची एक, न्हाणीघराचा झरोका, जिन्यातली तिरकी, दुकानाची काच आणि तुमच्या खोलीची. पाच. म्हणजे जगात कुठेही कुणीही ते मोड्यूल उतरवून घेतलं की त्याचं मशीन आधी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीला कापड लावून बघतं, मग पुढची, मग पुढची, आणि पाचही जुळल्या तरच ते मोड्यूल आत घेतं. तू हे सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, मग काचा तरी पुसून ठेवायला हव्या होत्या.

आता दुसरी बातमी. पोरगा लग्न करतोय. मुलगी बेकरीत कामाला आहे, भल्या पहाटे उठते, अंगाला सदा भाजल्या पिठाचा वास. तोंडावर बोलते आणि माझ्या बोलण्याला घाबरत नाही. चांगली आहे. हे तुला लिहायला हात जड होतोय, पण खोटं लिहायला मला येत नाही. तिला खोलीत उजेड हवाय, म्हणून तुमची ती खिडकी फोडून तिथे गच्चीचं दार काढायचं ठरलंय. सोमवारी गवंडी येणार. मलाही पटलं, खोली अंधारीच आहे. काल मी तिथला हिरवा पडदा उतरवला, उन्हाच्या बाजूची कड पार विटलीय. उतरवल्यावर उगाच टेप लावून बघितली. तुझा आकडा बरोबर होता. मी सवयीने मोठ्याने बोलले, एकशे सदतीस. खोलीत कुणी नव्हतं.

म्हणून हे पत्र. मोड्यूल त्या नाटकवाल्याला देऊन टाक, तो नीट सांभाळेल. आणि त्याच्यावरचा दुकानाचा पत्ता काढ. नवी सून काउंटरवर बसायला लागली की रोज तुझ्या नावाच्या मेल तिच्यासमोर उघडणं बरं नाही. नाटकवाल्याला मी का झुलवत ठेवलं ते तुला कळलंच असेल. उत्तर दिलं असतं तर मेल थांबल्या असत्या, आणि तुझ्याकडचं म्हणून या घरात दुसरं काही येत नाही. एवढंच कारण. तर दे, पण त्याला बजावून सांग की पाच खिडक्यांना हात लावायचा नाही. भिंतीतली एक सोमवारी जाईल, मोड्यूलमधली राहू दे. आणि सहावी घालायला सांग, तू राहतेस तिथली. टेपने मोज, त्या फुटपट्टीने नको. दांडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि वरून खाली जमिनीला बोटभर कमी. माप मला कळव, घरच्या पत्त्यासकट, पडदा काय ऑफिसात पाठवू? कापड मी निवडेन, रंगातलं तुला काही कळत नाही. तुझा आकडा आला की कापायच्या आधी मी तो मोठ्याने परत म्हणेन.

तुझीच,
बाई