हवामानाचा चौकोन

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझी प्रकृती कशी आहे ते विचारत नाही. बाबांच्या आरामखुर्चीवरून आपण अबोला धरला त्याला दोन वर्षं झाली, आणि आधी बोललो तर नाव बदलीन, असं मीच म्हणालो होतो. (हे पत्र आहे, बोलणं नव्हे.)

इकडे मी घरच्या कॉम्प्युटरवर स्वतःचं होम पेज तयार केलं. म्हणजे यंत्र सुरू केलं की रोज लागणाऱ्या गोष्टी एकाच पानावर: शब्दकोश, बातम्या, गॅसवाल्याचा नंबर, पुठ्ठेवाल्याचा पत्ता. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधली, मला एक पान काय जड जाणार? पहिल्या दिवशी बातम्या शब्दकोशावर चढल्या, दुसऱ्या दिवशी पुठ्ठेवाला गायब. पुस्तक उसवलं तर दोरा तरी हाती राहतो, इथे तोही नाही. शेवटी सगळं जागच्या जागी बसलं आणि हवामानाचा चौकोन उरला. त्याने विचारलं, तुमचं शहर कोणतं? मी तुझं लिहिलं. (सवयीने. दुसरं कारण शोधत बसू नकोस.)

तुझ्या भावजयीचा त्या पानावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास. (असणारच, आठ दिवस मीच त्याची टिमकी वाजवत होतो.) चौकोनात खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं शहराचं नाव तिला दिसत नाही, ती नुसतं ढगाचं चित्र बघते. गेला आठवडाभर तुझ्याकडे पाऊस, म्हणून इथे रखरखीत उन्हात आमचे कपडे घरात वाळताहेत. ती छत्री घेऊन शाळेत शिकवायला जाते आणि शेजारचा शिंपी मला हळूच विचारतो, वहिनींची तब्येत बरी आहे ना? तिला खरं सांगावं, तर रोज सकाळी तुझी काळजी वाटते हे कबूल करावं लागेल. त्यापेक्षा मीही छत्री घेऊन दुकानात जाऊ लागलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

बाकी सर्व ठीक.

तुझा,
धाकटा

ता. क. काल तिचा नवा चष्मा आला. आता भांडणार, असं वाटलं. पण पान वाचून एवढंच म्हणाली, "पाऊस किती पडला ते रोज बघता, एकदा वन्सं कशा आहेत तेही विचारा."

आणखी एक ता. क. कशी आहेस? गुरुवारी तुझ्याकडे ऊन आहे, प्रवासाला बरं. खुर्चीला मी नवं कापड शिवून लावलंय, ती तू ने. मात्र न्यायला स्वतः यावं लागेल, ती पार्सलने जात नाही. (पार्सलवाल्याला मी विचारलेलं नाही.)