टाक्याच्या काठावरचं नाव

भाऊ यांस,
शीतलकडून.

डोंगरावरच्या टाक्याच्या दगडात तुम्ही माझं नाव का घातलंत? मला याचं उत्तर येत नाही. तुम्ही जाऊन सव्वा वर्ष झालं, तुम्हाला विचारायची सोय नाही, म्हणून लिहिते आहे. आणि शुक्रवारी मला एक यादी द्यायची होती, तिच्यामुळे हे लिहिणं आणखी पुढे ढकलता येईना.

आत्या तुम्हाला भाऊ म्हणायच्या म्हणून मीही वडिलांना भाऊच म्हणत आले. आज वडील म्हणून नाही, एक समजूतदार माणूस म्हणून विचारते. आयुष्यभर तुम्ही लोकांच्या भांड्यांवर नावं घातलीत. कामशेत, वडगाव, लोणावळा, जिथे बाजार तिथे सायकल. कॅरेजला पिशवी, पिशवीत छिन्नी आणि ती बोटभर हातोडी. दुकानाबाहेर पोतं टाकून बसायचं आणि आहेराच्या ताटांवर, पातेल्यांवर टिंब टिंब करत ‘यांस’ आणि ‘कडून’ उमटवायचं. भांडी कमी पडली होती का, की डोंगराला हात घातलात?

तुम्हाला माहीत आहे मी रविवारी काय करते. पुण्याहून सायकलवाले येतात, हेल्मेट घातलेले, गिअरच्या सायकली. त्यांना मी वडगावपासून आतल्या रस्त्याने आणते, इंद्रायणीच्या कडेने, शेतांमधून. वाटेत सांगते की हा साधा रस्ता नाही. समुद्राकाठच्या बंदरांतला माल घाट चढून याच खोऱ्यातून आत जायचा आणि त्या वाटेवरच्या लोकांनी ही लेणी कोरायला मदत केली. कार्ल्याला, भाज्याला सगळेच जातात. मी त्यांना आधी आपल्या गावामागचं लहान लेणं दाखवते. एक खोली, बाजूला पाण्याचं टाकं, टाक्यावर दोन ओळी. मग खंडाळ्यापर्यंत चढ, आणि परत.

लेण्याशी आले की माझं ठरलेलं भाषण असतं. भिंतीवर नावं लिहू नका. बदाम काढू नका. हे आपल्या सगळ्यांचं आहे. भाऊ, मी ते फार मनापासून सांगते. तुम्ही ऐकलं असतंत तर हसला असतात, तो भाग वेगळा.

गेल्या महिन्यात असंच भाषण संपलं. यंदा वणव्यात टाक्याच्या मागचं गवत जळून गेलं होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आमच्यात नेहमी असतात. ते बाटली घेऊन मागच्या बाजूला गेले आणि तिथूनच ओरडले, "ओ शीतल मॅडम, इकडे तुमची नावबहीण आहे. बी.ए. पण आहे!"

सगळे हसले. मी गेले, वाकून बघितलं. ‘कु. शीतल, बी.ए. भाऊकडून.’ आणि शेवटी चार पाकळ्यांचं फूल. जे तुम्ही प्रत्येक ताटावर फुकट काढून द्यायचात, तेच फूल.

काकांनी विचारलं, "कोण असेल हो? आणि इथे कशाला लिहिलं असेल?"

"असेल कोणीतरी," मी म्हटलं. आठ माणसांसमोर, इतक्या प्रामाणिकपणाच्या भाषणानंतर, मी खोटं बोलले. तुमच्यामुळे.

त्या दिवशी खंडाळ्याचा चढ मी रागाने चढले. एकदाही सायकलवरून उतरले नाही. वर पोचल्यावर कोकणाकडे तोंड करून उभी राहिले आणि तुमच्याशीच भांडत होते. सहा-सात वर्षांची असताना तुम्ही मला पुढच्या दांड्यावर टॉवेल गुंडाळून बसवलं होतंत आणि इथे आणून म्हणाला होतात, "त्यो बघ समुद्र." तिथून समुद्र दिसत नाही, भाऊ. धुकं दिसतं. मी कॉलेजात गेल्यावर नकाशा काढून दाखवला, तरी तुमचं तेच. "मला दिसतो. तुला न्हाई दिसत, त्याला मी काय करू?"

असल्या माणसाला मी इतिहास शिकवायला गेले, ही माझी चूक.

हो, चूक माझीच आहे. ते मला घरी येताना उतारावर आठवलं. मी दुसऱ्या वर्षाला असताना एकदा तुम्ही जेवत होतात आणि मी समोर वही घेऊन बसले होते. टाक्यावरच्या त्या दोन ओळी काय आहेत, ते मला नुकतंच कळलं होतं. मी सांगितलं, की खाली समुद्राकाठच्या गावातल्या एका माणसाने हे टाकं दान दिलं, म्हणून त्याचं नाव आणि गाव लिहिलंय.

तुम्ही घास तसाच धरून म्हणालात, "म्हंजी आहेरच की ह्यो."

"तसंच काहीसं."

"आन् अजून पुसलं न्हाई?"

"दोन हजार वर्षं झाली. नाही पुसलं."

"आपलं स्टील काय, चार वर्सं राखंनं घासलं की गेलं." मग घास गिळून, "त्यानं समुद्र बघितला आसंल."

मला वाटलं, वा, मला पहिला विद्यार्थी मिळाला. विद्यार्थ्याने त्यातून काय उचललं ते मात्र आत्ता कळतंय.

आणि डबा. निकाल लागला त्या दिवशी तुम्ही माझा नवा डबा हातात घेऊन म्हणालात, "घालू का ह्याच्यावर? शीतल, बी.ए." आपल्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीधर झालं होतं आणि मला तळेगावच्या कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागत होती. मी म्हटलं, "नको हो भाऊ, ऑफिसात हसतील." तुम्ही "बरं" म्हणालात, डबा ठेवलात आणि सायकल काढून गेलात. एवढंच. शाबास नाही, पाठीवर हात नाही. पुढे फेब्रुवारीत कॉलेजात पदवीदान होतं. आई आली. तुम्ही म्हणालात, लग्नसराई आहे, पितळेचं काम आलंय. सगळ्यांचे वडील फोटोत आहेत. माझ्या फोटोत आई आणि एक मोकळी खुर्ची.

ते मी धरून ठेवलं, भाऊ. तुम्ही आजारी होतात तेव्हासुद्धा मनात कुठेतरी ते होतंच. एकदा विचारायला हवं होतं मी. पण तुम्हालाही एकदा बोलायला काय झालं होतं?

पुढच्या रविवारी मी एकटीच वर गेले. हौसामावशी शेळ्या घेऊन बसल्या होत्या. मी नावाकडे बोट दाखवून विचारलं, हे कधी झालं?

"तुज्या बापाचं व्हय? त्यो लय दिस येत व्हता हितं. चार ऐतवार." मावशींनी बोटं दाखवली. "गळ्यापातुर गाळ व्हता टाक्यात. शेळी तोंड लावत न्हवती. एकल्यानं उपसला. मी म्हनलं, भाऊ, येडा झाला का? तर म्हनतो, पोरगी पास झाली."

"आणि नाव?"

"त्ये शेवटच्या दिशी. मी म्हनलं, आज तर तुज्या पोरीचा पुन्यात समारंभ हाय ना? म्हनला, म्हनूनच आजच घालतो. सकाळधरनं ठोकत बसलाता." मग त्यांना महत्त्वाची गोष्ट आठवली. "घमेलं माजं नेलतं. अजून दिलं न्हाई."

घमेलं आपल्या गोठ्यात आहे. त्यावर ‘हौसाबाई’ असं तुम्हीच घातलंय, परत द्यायला सोपं जावं म्हणून. आणि दिलंच नाहीत. तीन वर्षं ते तिथेच पडून आहे, आणि ही हौसाबाई म्हणजे आपल्या हौसामावशी, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. त्या महिन्यात आई तुमचे पायजमे धुताना म्हणायची, भांड्यांवर नावं घालायला एवढा चिखल कुठला लागतो? आता कळलं. घमेलं मी पोचवलं. मावशी म्हणाल्या, कड वाकलीय.

म्हणजे तुम्ही आधी दिलंत आणि मग नाव घातलंत. त्या समुद्राकाठच्या माणसासारखंच. रीत बरोबर पाळलीत. आणि मी गेली दोन वर्षं त्या टाक्यापुढे उभी राहून पुण्याच्या लोकांना सांगतेय, "बघा, जुन्या लोकांचं काम, एप्रिलपर्यंत पाणी धरतं!" एकदाही माझ्या मनात आलं नाही, की गाळ काढल्याशिवाय टाकं पाणी कसं धरेल.

पण भाऊ, चूक ती चूकच. जुन्या टाक्यातला गाळ असा उपसायचा नसतो, त्याला परवानगी लागते. त्या गाळात काय काय होतं, ते आता कधीच कळणार नाही. आणि नाव तर नाहीच. आज तुम्ही प्रेमाने घातलंत, उद्या दुसरा बदाम काढेल तोही प्रेमानेच. त्याला मी कुठल्या तोंडाने अडवू?

आता यादीचं सांगते. लेणी सांभाळणाऱ्या ऑफिसातल्या साहेबांनी आम्हाला सांगितलं होतं, तुम्ही वरखाली करताच, तर अलीकडे लिहिलेल्या सगळ्या नावांची यादी करून द्या. त्यांची शिकलेली माणसं येऊन दगडाला धक्का न लावता ती काढतील. यादीत चार रकाने आहेत. ठिकाण, मजकूर, कोणी लिहिलं, शेरा. मागचे दोन कोणीच भरत नाही.

काकांना मी खरं काय ते सांगून टाकलं. ते बराच वेळ हेल्मेटचा पट्टा सोडत-लावत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, तुझं एक नाव यादीत आलं नाही तर डोंगर काही पडत नाही. गवत वाढेल पुन्हा. वडिलांचं तेवढंच उरलंय ना?"

तेवढंच उरलंय, हे खरं आहे. तुम्ही मला शाबास म्हणाल्याचा तेवढा एकच पुरावा आहे. फोटोतल्या मोकळ्या खुर्चीत कोण होतं, ते त्या दगडावर लिहिलंय. आणि तो पुसा म्हणून मीच लिहून द्यायचं? तुम्ही मला कशात अडकवून ठेवलंय, कळतंय का? डब्यावरच घातलं असतंत तर? मी नको म्हटलं तरी. एरवी तुम्ही कुणाचं ऐकत होतात?

शब्द देते. दर वर्षी टाकं कोरडं पडलं की गाळ काढायचं काम मी करीन. रीतसर अर्ज करून, साहेबांचा माणूस उभा करून, आणि कुठेही नाव न घालता. तुम्हाला हे पटणार नाही. नावाशिवाय आहेर म्हणजे काय, असं म्हणाल. म्हणा.

यादी मी शुक्रवारी साहेबांच्या हातात देऊन आले. सतराव्या ओळीत चारही रकाने भरलेले आहेत. ठिकाण: टाक्याची मागची कड. मजकूर: कु. शीतल, बी.ए. भाऊकडून, शेवटी फूल. कोणी लिहिलं: माझ्या वडिलांनी. शेरा: यांनी चार रविवार एकट्याने टाक्यातला गाळ काढला. नाव काढावे.

खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच अशी केली, आणि साहेब हसले नाहीत.

शीतल, बी.ए.