अननसाची गोळी आणि पलीकडची भिंत

४ मार्च, सोमवार

पुन्हा ठोकलं! मी खोकलो की पलीकडच्या शिवणवाल्या बाईंचं मशीन थांबतं आणि भिंतीवर ठक ठक ठक. त्या आवाजाने मला आणखी उबळ येते. दिवसभर कारखान्यात खुर्च्यांना पॉलिश पेपर मारायचा, तो भुसा छातीत घेऊन घरी यायचं आणि वर दुसऱ्याच्या डोक्याला ताप व्हायचं. लाज वाटते.

६ मार्च, बुधवार

डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो स्वच्छ आहे. धूळ टाळा, मास्क लावा. मेहुणीने सुचवलेली अननसाच्या एन्झाइमची बाटली त्यांच्यापुढे ठेवली. "हे औषध नव्हे हं. नाकातली, घशातली सूज उतरते म्हणतात. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू नाही ना? मग घेऊन बघा."

ही असती तर म्हणाली असती, "सरळ अननस आणा की! गोळ्या कसल्या गिळताय?" हसलो. मग लक्षात आलं, आपण एकटेच हसतोय.

७ मार्च

रिकाम्या पोटी एक गोळी. वास ना चव. अननसाशी काही संबंध असेल असं वाटत नाही.

१२ मार्च, मंगळवार

खोकला बराच उतरला. गोळीचा गुण, की मुकादमाने मला घासकामावरून काढून वेत विणायला बसवलं त्याचा, देव जाणे. श्रेय गोळीला देऊन टाकलं.

संध्याकाळी पलीकडे मशीन अखंड चालू होतं. सुटल्या बिचाऱ्या!

१४ मार्च, गुरुवार

छाती मोकळी. कुणाला सांगू? मेहुणीला फोन लावला, ती बाजारात होती. "नंतर करते हं" म्हणाली. केला नाही.

खोली फार शांत झालीय. खरं सांगायचं तर त्या ठकठकीची सवय झाली होती. रागाने का होईना, कुणीतरी माझी दखल घेत होतं.

१५ मार्च

कमालच झाली! आज खोकलो नाही, शिंकलो नाही, तरी ठोकलं. भांडं जोरात ठेवलं गेलं असेल. रेडिओ बंद केला. घरात अनवाणी चाललो.

१६ मार्च, शनिवार

सकाळी ठोकलं. संध्याकाळी ठोकलं. आता मी श्वास घ्यायचाही बंद करू की काय? बाईंनी हद्द केली. मी हूं की चूं केलं नाही. उद्या रविवार. कानात कापूस घालून दुपारभर ताणून देणार आहे. ठोका म्हणावं हवं तितकं!

१७ मार्च, रविवार

दुपारी गाढ झोपलो होतो. खाट हलली म्हणून डोळे उघडले तर दाराची कडी उखडलेली, इमारतीचा पहारेकरी हातात पहार घेऊन उभा, आणि शिवणवाल्या बाई उशाशी. गळ्यात मापाची टेप, डोळ्यांतून धारा.

मी कानातला कापूस काढला. तो पाहून त्या भडकल्याच. "कापूस? अहो, दार बडवून बडवून हात सुजले माझे! आठवडा होत आला, तुमचा आवाज नाही!"

मी म्हटलं, तुम्हीच तर ठोकत होतात, त्रास होतो म्हणून.

"त्रास? अहो, मी विचारत होते, बरे आहात ना! मशीन थांबवून ठोकायचे, तुम्ही परत खोकायचात. मला वाटायचं, उत्तर देताय. मग उत्तरच येईना."

पहारेकरी जमिनीकडे बघत हसत होता. मला मात्र हसू आलं नाही. "माफ करा" एवढंच कसंबसं म्हणालो. बाई पदराने डोळे पुसत निघून गेल्या.

१८ मार्च

मी मेलो असं समजून काल कुणीतरी रडलं.