सासरेबुवांना रमवण्याची मोहीम

सोमवार, ३ मार्च
सासरेबुवा काल आले. गुडघे गेले, गुरं विकली, गावी आता एकटेच. त्यांनी इथेच राहावं अशी हिची फार इच्छा. पण करमणार नाही म्हणून रविवारचं परतीचं तिकीट खिशात घालूनच आलेत. ही रडवेली झाली. मी म्हटलं, हे काम माझ्यावर सोड. गाव म्हणजे काय, हे या घरात माझ्याइतकं कोणाला कळतं? टीव्हीवरची ती जुनी गावाकडची विनोदी मालिका मी एकही भाग न चुकवता पाहिली आहे. बहिरा पोस्टमन, जाडा हवालदार, शेवटी कोणीतरी डबक्यात पडायचंच. ही म्हणाली, तू जन्मभर तिसऱ्या मजल्यावर राहिलास. मजल्याचा काय संबंध?

मंगळवार, ४ मार्च
मालिकेच्या सगळ्या सीडी मिळाल्या. दुकानदार म्हणाला, न्या एकदाच्या, जागा अडवून बसल्यात. रसिकता उरली नाही.
संकल्प: रोज दोन भाग. पहिल्याच विनोदाला सासरेबुवा खुलणार.
ऑफिसात माझी खुर्ची पुन्हा पळवली. हातवाली, फिरणारी. संशय आवक-जावकच्या टेबलावर. साखळी आणि कुलूप घेऊन आलो.

बुधवार, ५ मार्च
खुर्ची टेबलाच्या पायाला बांधली. आता कोण नेतो बघू.
संध्याकाळी पहिला भाग. मी पोट धरून हसलो. सासरेबुवांनी विचारलं, हे मागून हसणारे लोक कोण, आणि ते दिसत का नाहीत. मग म्हणाले, जन्मभर सकाळी गोठा, संध्याकाळी गोठा, आता टीव्हीतही गोठाच बघू का. आणि झोपले. भावना अनावर झाल्या असाव्यात.
जेवताना खुर्चीचं सांगितलं. काय बांधलं, असं त्यांनी दोनदा विचारलं आणि त्यांना जोराचा ठसका लागला. हिने पाणी दिलं. भाजी तिखट झाली होती बहुतेक.

गुरुवार, ६ मार्च
टीव्ही पुरेसा नाही. प्रत्यक्ष करून दाखवायला हवं. मालिकेतला गवळी डोक्यावर बादली घेऊन डबक्यात पडतो, तो प्रसंग निवडला. पॅसेजमध्ये पाणी ओतून डबकं केलं. सासरेबुवांना समोर बसवलं.
डबक्याच्या बऱ्याच अलीकडे पडलो.
हसले नाहीत. गुडघे विसरून धावत आले, कंबरेला बाम चोळला. जनावर असं पडलं की चार माणसं लागतात, एवढंच म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या बाई छत गळतंय म्हणून वर आल्या. त्याही हसल्या नाहीत.

शुक्रवार, ७ मार्च
कंबर धरून ऑफिसला. कुलपाची चावी घरी. खुर्ची टेबलाला इतकी चिकटून बांधली होती की बसायला जागाच नाही. दिवसभर उभा. साहेबांना सांगितलं, डॉक्टरांनी उभं राहायला सांगितलंय.
घरी हे सांगताच सासरेबुवा उठून गॅलरीत गेले. पाठमोरे, खांदे गदागदा हलत होते. गावाच्या आठवणीने रडतात बिचारे. ही म्हणते, रडत नाहीयेत. बापाचं दुःख हिला कळत नाही.

शनिवार, ८ मार्च
अर्धा दिवस ऑफिस. वाईट बातमी. साखळी आहे, कुलूप आहे, कुलपात अडकवलेला खुर्चीचा एक हात आहे. बाकी खुर्ची नाही.
जड मनाने घरी आलो तर जिन्यातच सासरेबुवांचं खो खो हसणं ऐकू आलं. म्हटलं, लागली शेवटी माझी सीडी. कंबर विसरून जिना चढलो.
सीडीचं खोकं टीव्हीखाली, टेकू म्हणून. टीव्हीवर भलतीच मालिका. ऑफिसातले दोन कारकून पंख्याच्या बटणावरून भांडत होते. सासरेबुवा डोळे पुसत म्हणाले, जावईबापू, अगदी तुमच्यासारखं आहे, पण तुमचं जास्त चांगलं आहे.
मी गंभीरपणे खुर्चीची बातमी दिली. ते सोफ्यावर आडवे झाले. आम्ही गाय बांधतो, हे खुर्ची बांधतात, आणि तीही हात ठेवून पळाली, असं म्हणत राहिले.

रविवार, ९ मार्च
बस सुटली. सासरेबुवा सोफ्यावर. तिकिटाची सुरळी करून कान कोरत होते. हिला सांगताना ऐकलं, गावाकडे असं काही बघायला मिळत नाही, मी राहतो. ही इतकी खूश की मला दुसरा चहा न मागता मिळाला.
म्हणजे मोहीम यशस्वी. तरी सीडीचं खोकं टीव्हीखालीच होतं.
सासरेबुवांनी विचारलं, उद्या ऑफिस उघडं आहे ना.
आहे. नवी खुर्ची येईपर्यंत मला झेरॉक्सवाल्याचं स्टूल मिळणार आहे. एक पाय आखूड. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. जेवताना सांगेन.