अण्णा, स्प्रिंग माझ्या हातून सुटली

प्रिय अण्णा,

तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. फोनवरसुद्धा ‘तब्येत कशी आहे, जेवण झालं का’ यापलीकडे आपली गाडी कधी गेली नाही. मग तुम्हाला जाऊन दीड वर्ष झाल्यावर या जावयाला काय सुचलं, असं तुम्हाला वाटेल. आज दुपारी तुमची सुजाता एक वाक्य बोलली आणि ते मला गिळवेना, म्हणून लिहायला बसलोय.

झालं असं की, आपल्या स्नोमोबाइलची इंजिन सुरू करायची दोरी पुन्हा बिघडली. तुम्ही तिला ‘बर्फावरची फटफटी’ म्हणायचात, तीच. दोरी ओढली की बाहेर यायची, पण परत आत जायचं नाव नाही. हँडल नुसतं लोंबत राहायचं. आता मिनेसोटातल्या या थंडीत ट्रेलरवर घालून ती दुकानात कोण नेणार? मी स्टार्टरचं डबडं सोडवून आत आणलं, डायनिंग टेबलावर जुनी चादर अंथरली आणि घाई न करता कामाला लागलो. आधी दोरी गुंडाळणारं आतलं चाक हाताने धरून स्प्रिंगचा ताण एकेक फेरा करत सोडला. मगच मधला बोल्ट काढला. जुनं ग्रीस थंडीने घट्ट होऊन बसलं होतं, ते पुसलं. नवी दोरी घातली, चाकाला तीन फेरे देऊन ताण भरला. ओढून सोडली, तर दोरी सरळ आत गेली हो! डबडं गाडीला परत बसवलं आणि गॅरेजचं दार उघडून चौथ्या ओढीला इंजिन सुरू केलं.

सुजाता चहा घेऊन उभी होती. म्हणाली, “बघ, अण्णांना जे जमलं नाही ते तू करून दाखवलंस.”

कौतुकानेच म्हणाली. मी चहा घेतला आणि गप्प बसलो. चार वर्षांपूर्वी बसलो होतो तसाच.

आठवतंय ना तुम्हाला? दोन हजार चारच्या हिवाळ्यात तुम्ही आणि आई सहा महिन्यांसाठी आला होतात. लेकीच्या घरी बसून खायचं तुमच्या जिवावर यायचं. पहिल्या पंधरा दिवसांत तुम्ही नळाचे वॉशर बदललेत, कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल दिलंत, आमचं कुरकुरणारं दार गप्प केलंत. कराडला चाळीस वर्षं पंप आणि फवारणीची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस तुम्ही. दोरीवर सुरू होणारी इंजिनं म्हणजे तुमच्या हातचा मळ. पण फटफटीची दोरी अडकली आणि मी स्टार्टर उघडायला बसलो तेव्हा तुम्ही स्टुलावर बसून फक्त बघत राहिलात.

मी तो मधला बोल्ट तसाच फिरवायला घेतला, ताण न सोडता. तुम्ही खाकरलात. “श्रीकांतराव, बघा हं जरा,” एवढंच म्हणालात. मी म्हटलं, “अण्णा, मी नेटवर वाचलंय सगळं.” बोल्ट निघाला आणि स्प्रिंग उसळून बाहेर आली. ती अडवायला तुम्ही हात पुढे केलात आणि तिचं टोक तुमच्या तळहातावर बसलं. रक्त आलं, स्प्रिंगचा आकडा तुटला. आवाज ऐकून सुजाता धावत आली आणि तुम्ही, मी तोंड उघडायच्या आत, म्हणालात, “माझ्या हातनं सुटलं गं.”

का म्हणालात असं? तुमच्या वर्कशॉपमध्ये कुणी असा बोल्ट फिरवला असता तर त्याच्या हातावर पाना बसला असता. जावई म्हणून मला सूट? जावयाचा मान राखायचा म्हणून चाळीस वर्षांचं नाव असं देऊन टाकायचं? रागावू नका, पण मला तुमचा थोडा रागच येतो. तुम्ही देऊन टाकलंत. पण घेतलं मी, हेही खरंच आहे.

सुजाता तुम्हाला बोलली, “अण्णा, इथल्या मशीनना टच करू नका, प्लीज. इन्शुरन्स, हॉस्पिटल, किती कॉम्प्लिकेटेड होतं इथे सगळं.” त्या दिवसापासून तुमचं गॅरेज बंद झालं. पुढचे साडेचार महिने तुम्ही खिडकीशी बसून बर्फ बघत काढलेत. मी ऑफिसातून आलो की विचारायचात, “रस्ते बरे होते का?” एका वाक्यात मी तुमचं गॅरेज तुम्हाला परत देऊ शकलो असतो. रोज संध्याकाळी ते वाक्य माझ्या तोंडात असायचं आणि रोज मी टीव्ही लावायचो.

जाताना विमानतळावर सुजाता आईंबरोबर काउंटरवर होती, तेव्हा तुम्ही माझ्याजवळ सरकून हळूच म्हणालात, “पुढच्या वेळी आधी ताण सोडा, मग बोल्ट.” बस्स. ना टोमणा, ना ओशाळवाणं हसू. आज मी तसंच केलं, अण्णा. मला जे जमलं, ते तुमचंच होतं.

आणि तुमच्या तेराव्याला काय झालं, ते तर तुम्हाला माहीतच नाही. तुमच्या प्रशांतने सगळ्यांना सांगितलं, “आमच्या अण्णांनी अख्ख्या तालुक्याची इंजिनं सुरू केली, पण अमेरिकेत जावयाच्या मशीनने त्यांना हरवलं.” लोक प्रेमाने हसले. सांगणारा तुमचा मुलगाही हसला. आणि मीही हसलो. माझ्या हातून घडलेलं सगळ्यात वाईट काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी ते हसणं सांगेन. आई अजूनही फोनवर मधूनच म्हणतात, “यांनी तुमची वस्तू मोडली होती हो.” आणि मी मोठेपणाने म्हणतो, “असू द्या हो आई.”

आता नाही. येत्या रविवारी आईंना फोन करेन, प्रशांतला शेजारी बसवायला सांगेन आणि दोघांना सगळं सांगेन, पहिल्या बोल्टपासून. पुन्हा कधी कराडला तो किस्सा निघाला तर त्यात मोडणारा मी असेन आणि ज्याला सगळं कळत होतं ते तुम्ही असाल. शब्द देतो.

पण त्याआधी एक. सुजाता आत भाजी चिरते आहे. हे पत्र संपलं की मी ते तिच्या हातात देणार आहे. तुमच्यापर्यंत पोचायचा दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

तुमचा,
श्रीकांत