निरोगी मेंदू

प्रिय बारक्या,

गेलं वर्षभर फोनवर आपण हवापाण्याच्या पलीकडे गेलो नाही. आज जे सांगायचंय ते फोनवर सांगितलं तर तू मधेच तोडशील, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण शिलाई सोडत नाही. बाबांच्या फोटोला तिनं नवी चौकट करून घेतली आणि तो बाहेरच्या खोलीत लावला. येईल त्याला सांगते, माणूस सोन्यासारखा होता, आजारानं नासवला. मी तिथे असले की चहा करायच्या निमित्तानं आत जाते.

तुला तो शेजारणीचा कोट आठवतो का? तू सहा वर्षांचा होतास. आईनं पंधरा दिवस खपून शिवला होता, फक्त गुंड्या लावायच्या राहिल्या होत्या. बाबा शाळेतून आले, जेवण पाच मिनिटं उशिरा मिळालं, आणि त्यांनी तिच्याच कात्रीनं त्या कोटाची एक बाही शांतपणे कापून काढली. ओरडले नाहीत. कात्री होती तिथे ठेवली आणि जेवायला बसले. आईनं वाढलं. तू माझ्या मागे उभा होतास आणि माझ्या फ्रॉकचा पट्टा ओढत होतास. शाळेत मात्र हेच भूगोलाचे सर मुलांच्या गळ्यातला ताईत. तीस वर्षांत तिथे त्यांचा आवाज कधी चढला नाही.

शेवटच्या तीन वर्षांत ते जास्त तिरसट झाले, नावं विसरायला लागले. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, कपाळामागचा भाग झिजवणारा स्मृतिभ्रंश असावा, अनेकदा टाऊ नावाच्या प्रथिनामुळे होतो तो. यात माणसाचा स्वभावच बदलतो. ‘असावा’ म्हणाले होते. आईनं तेवढा शब्द गाळून बाकीचं उचललं. आधी म्हणायची, ही तीन वर्षं आजाराची. मग दहा झाली. मग तो कोटही आजारात गेला. कपड्याची दुमड उसवून लांबी वाढवावी तसा तिनं तो आजार मागे मागे नेत लग्नाच्या वर्षापर्यंत पोचवला. खात्री मेल्यानंतरच होते, मेंदू तपासून. हृदय बंद पडून बाबा गेले तेव्हा तिनंच मला म्हटलं, त्यांचा मेंदू तुमच्या प्रयोगशाळेत दे. सहीसुद्धा तिनंच केली.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. मेंदूच्या पेशीत रुळांसारख्या बारीक नळ्या असतात, त्यांवरून पेशीला लागणारा माल ये-जा करतो. टाऊ या नळ्यांना धरून ठेवतं. ते बिघडलं की नळ्यांवरून सुटतं, त्याचा गुंता होतो आणि पेशी हळूहळू मरते. आम्ही मेंदूचे पातळ छेद काचपट्टीवर घेतो, रंग देतो. गुंते असले तर तपकिरी दिसतात. बाबांचं काम आमच्या मोठ्या बाईंनी मला दिलं नाही, दुसऱ्याकडे दिलं. अहवाल आल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावलं. टाऊ त्या वयाला साजेल इतकं, चिमूटभर. या आजारात सापडणारी दुसरी प्रथिनंही तपासली होती, तीही नव्हती. रक्तवाहिन्या म्हाताऱ्या झालेल्या; शेवटचं विसरणं त्यातून आलं असेल. मी म्हटलं, रंग चढला नसेल. मग हट्टानं नवे छेद मी माझ्या हातानं रंगवले. रंग नीट चढतो ना हे पडताळायला शेजारी हाच आजार असलेल्या एका अनोळखी बाईचा छेद ठेवला होता, तो तपकिरी गुंत्यांनी भरून गेला. बाबांचा स्वच्छ राहिला. खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. आजार दिवसभर शाळेबाहेर थांबून संध्याकाळी घरी येत नाही.

आई निकालाची वाट बघत खाटेवर बसली होती, हात मांडीवर. तिनं विचारलं, “होतं ना गं ते?” मी म्हटलं, “हो आई. सगळीकडे होतं.” ती इतकी रडली, इतकी हलकी झाली, की मला वाटलं मी आयुष्यात एक तरी चांगलं काम केलं. तुलाही तिनंच कळवलं. मी खोडून काढलं नाही. चूक माझी आहे.

परवा तुझी बायको प्रयोगशाळेत आली. मनगटाला पट्टी होती. तुझी तक्रार करायला नव्हती आली. कुठली तपासणी करायची, कुठलं औषध द्यायचं, हे विचारायला आली होती. तू तिचा हात दारात चेंगरलास आणि नंतर रडत म्हणालास, बाबांचं माझ्यात उतरतंय, माझ्या हातात काही नाही. आईनं तिला समजावलं, सांभाळून घे, आजारी माणूस आहे. बारक्या, तुझ्यात बाबांचं काहीही उतरलेलं नाही. उतरण्यासारखं त्यांच्या मेंदूत काही नव्हतंच. ते दार तू लावलंस. अहवालाची प्रत सोबत आहे. तिला एक प्रत मी परवाच दिली, सगळं समजावून सांगितलं. ती आता माझ्याकडे राहते आणि तू बोलावलंस म्हणून येणार नाही. हे पत्र पेटीत टाकून मी आईकडे चालले आहे. तिलाही खरं सांगणार आहे. तिचं काय होईल मला माहीत नाही.

तरीही तुझीच,
ताई