खोलीभाड्यापोटी केलेल्या आवणीचा खुलासा

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती, तलासरी, जि. पालघर.

अर्जदार: सुदर्शन शांताराम घोलप, शिक्षण सेवक (विज्ञान व गणित), डोंगरपाडा शाळा, झरी परिसर.

विषय: शेतात मजुरी केल्याबाबतचा खुलासा, तसेच तीच आवणी (भाताच्या रोपांची लावणी) पुन्हा करण्यासाठी शुक्रवार, दि. १८ जुलै रोजी एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत.

संदर्भ: आपले दि. १५ जुलै २०२५ चे पत्र.

महोदय,

१. शासनाचे मानधन घेत असताना मी रविवारी दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली काय, अशी विचारणा वरील पत्रात आहे. पत्रात उल्लेखिलेल्या छायाचित्रातील गुडघाभर चिखलात उभा असलेला इसम मीच आहे. ते छायाचित्र केंद्रातील शिक्षकांच्या ग्रुपवर टाकणाराही मीच. रोपांच्या ओळी इतक्या सरळ आल्या होत्या की राहवले नाही.

२. मी मजुरी घेतलेली नाही, खोलीचे भाडे दिले आहे. मी श्रीमती बारकीबाई यांच्या घरी राहतो. या पाड्यावर राहायला दिलेल्या जागेचे पैसे घेत नाहीत. घरात राहणाऱ्याने भाताच्या आवणीला घरच्यांबरोबर शेतात उतरायचे, एवढीच रीत आहे. मी पैसे देऊ केले तेव्हा "गुरुजी, आमच्याकडे काय लॉज आहे का?" असे त्या म्हणाल्या. मला हायसे वाटले, कारण देऊ केलेले पैसे माझ्याजवळ नव्हते.

३. मानधनात भागते काय, हे आपण विचारलेले नाही. पण खुलाशाचे मूळ तेथेच आहे. बी.एड.च्या कर्जाचा हप्ता आणि आईची औषधे वजा जाता उरलेल्या रकमेत जेवण बसते किंवा खोलीभाडे बसते. दोन्ही बसत नाहीत. आकडेमोड मी वेगवेगळ्या पद्धतींनी केली. एकदा पेनही बदलून पाहिले.

४. आता रजेचे कारण. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर असल्याने दोरी ताणून, अंतर मोजून रोपे लावली. ती किती खोल खोचायची, हे मात्र कोणाला विचारले नाही. सोमवारी सकाळी माझ्या वाट्याची निम्मी रोपे पाण्यावर तरंगत होती. बारकीबाईंची नात चिमी सहावीत आहे. तिने भर वर्गात "गुरुजी, तुमचा भात पोहायला लागला" असे जाहीर केले. त्या दिवशी तरंगणे व बुडणे हाच धडा चालू असल्याने मला रागावताही आले नाही.

५. "भाडं निम्मं वाहून गेलं, गुरुजी," एवढेच बारकीबाई म्हणाल्या आणि हसल्या. परंतु त्या शेतावर त्यांच्या घरचा वर्षाचा भात आहे. उरलेली रोपे निबर होत चालली आहेत, ती रविवारपर्यंत थांबणार नाहीत. शुक्रवारी घरचे सगळे पुन्हा उतरणार आहेत. मी गेलो नाही तर त्या मला खोली सोडायला सांगणार नाहीत. मलाच तेथे राहणे जमणार नाही. आणि तलासरीत भाड्याने राहून ही नोकरी करणे मला परवडणार नाही.

६. तरी खुलासा मान्य करून रजा मंजूर करावी, ही विनंती. या वेळी दोरी नेणार नाही. फोनही नाही.

आपला, अजूनही कमरेत वाकलेला,
सुदर्शन घोलप
दि. १६ जुलै २०२५

सोबत:
१. छायाचित्र (रोपे तरंगण्यापूर्वीचे).
२. बारकीबाईंचा अंगठा असलेला दाखला, हस्ताक्षर चिमीचे. मजकूर पुढीलप्रमाणे: "गुरुजींना मजुरी दिली नाही. असं काम केल्यावर कोण देईल? शुक्रवारी त्यांना सोडा. या वेळी माझ्या बाजूला उभं करते."